आग्नेय कोपऱ्यातली बॅटरी

वारज्याच्या नागोरावांना विजेचा कधी कंटाळा आला नाही. वीट आला तो माणसांचा. हिंगोलीकडून पुण्यात येऊन त्यांना अठ्ठावीस वर्षं झाली. त्यातली अलीकडची बारा पानशेत-वेल्ह्याच्या डोंगरांत गेली. पुणेकरांनी हौसेनं तिकडे लाकडी खोल्या बांधायच्या, विजेच्या तारा पोचत नाहीत म्हणून छपरावर सोलर पॅनेल टाकायचं आणि जोडणीला नागोरावांना बोलवायचं. मालकांच्या शंका ठरलेल्या. एवढी जाड वायर कशाला, फ्यूज कशाला, बारा व्होल्टनं कोण मरतंय?

"माणूस मरत नाही, घर जळतं," असं नागोराव एकदाच सांगत. काम झालं की बॅटरीच्या पेटीच्या झाकणावर, आतल्या बाजूला, मार्करनं आपलं नाव आणि मोबाइल नंबर लिहीत. नाव लिहिलं की हातून वेडंवाकडं काम होत नाही, असं त्यांचं म्हणणं.

नंबर लिहिण्याचा तापही होताच. मिक्सर का थांबला, ढगाळ हवेत गीझर का चालत नाही, इस्त्री लावू का? नको म्हणून बजावलेलंच पुन्हा विचारणाऱ्या या मंडळींची त्यांना अक्षरशः शिसारी आली होती. दिवाळीपासून त्यांनी अनोळखी नंबर उचलणंच सोडून दिलं.

मार्चमध्ये केदारचा फोन आला. त्याचं नाव फोनमध्ये होतं, म्हणून उचलला. बाणेरच्या आयटी कंपनीतला हा गृहस्थ म्हणत होता, की बॅटरीचं पाणी आठवड्यात आटतंय, म्हणजे तुम्ही मालच खराब दिलात. नागोरावांनी फोन ठेवला. शनिवारी सकाळी बुधवार पेठेतून फ्यूज घेतला आणि स्कूटरला किक मारली.

केदारच्या डोंगरातल्या खोलीच्या मागच्या भिंतीवर, वळचणीखाली त्यांनी बसवलेली हवेशीर पेटी रिकामी होती. आत फक्त झाकणावरचं नाव. दारात दुर्गाबाई उभी होती. जागेची राखण करणारी, साठी उलटलेली, इथेच एकटी राहणारी बाई. आत पाऊल टाकताच सडक्या अंड्यांचा वास नाकात शिरला. स्वयंपाकाच्या ओट्याखाली गॅसच्या सिलिंडरला खेटून बॅटरी ठेवलेली, आणि तिथून दोन हातांवर दुर्गाबाईची वाकळ.

शनिवार म्हणून आलेला केदार उत्साहानं सांगायला लागला. संक्रांतीनंतर वास्तुवाले येऊन गेले. अग्नीची जागा आग्नेय. किचन आग्नेयेला आहेच, मग बॅटरीही तिथेच हवी, लॉजिकल आहे ना? सोसायटीच्या इलेक्ट्रिशियननं तासाभरात हलवून दिली.

नागोराव गुडघ्यावर बसले. बॅटरी भरली की पॅनेलचा करंट थांबवणारा कंट्रोलर त्या इलेक्ट्रिशियनला कळला नसावा; त्यानं तो काढून पॅनेलच्या तारा थेट बॅटरीला जोडल्या होत्या. बॅटरी दिवसभर उकळत होती, पेट घेणारा वायू सोडत होती. फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचा पीळ. हात लावला तर बॅटरी तव्यासारखी तापलेली. एक ठिणगी, की बस.

"अहो, आपण इंजिनिअर ना?" त्यांनी विचारलं.

केदारनं हो म्हटलं.

"बरं. मग दिव्याचं बटण दाबू नका, आणि बाहेर जाऊन उभे राहा."

त्यांनी सिलिंडर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या. दुर्गाबाईची गोधडी घेऊन छपरावर चढले आणि पॅनेल झाकून टाकलं. अर्धा तास वारा खेळू दिला, मगच तारा सोडवल्या. बॅटरी ओढत अंगणात आणली तेव्हा बनियन घामानं चिकटलं होतं आणि मनात केदारविषयी नुसती घृणा भरली होती. स्वतः शनिवार-रविवार येणार, आणि बाकीचे पाच दिवस या बाईला बॉम्बपाशी झोपवणार. हे त्यांनी त्याला तोंडावर सांगितलं. केदार गोरामोरा झाला, पण म्हणाला, की दुर्गाबाईनं कधी तक्रार केली नाही.

"तुमास्नी सांगितलं व्हतं, वास येतोय," दुर्गाबाई म्हणाली. "तुमी म्हनलात, गॅसचा आसंल." मग ती नागोरावांकडे वळली. "म्हून तुमास्नी फोन लावला. झाकनावर नंबर हाय न्हवं. तीनदा लावला. तुमी उचललाच न्हाई."

नागोरावांनी इकडेतिकडे पाहिलं. इथे तर रेंजच नव्हती.

"त्या वरच्या माळावर येती," तिनं मागच्या चढाकडे बोट दाखवलं. "गुडघं लई दुखत्यात, पर गेले."

त्यांनी खिशातून फोन काढला. न उचललेल्या कॉलच्या यादीत मिक्सरवाले, गीझरवाले, कर्जवाले यांच्या गर्दीत एकच नंबर तीनदा होता. तीन वेगवेगळ्या तारखांना. म्हणजे तीन वेळा चढ.

केदार मागून विचारत होता, की मग आता चूक नेमकी कोणाची धरायची. मघाशी त्याला सुनावणाऱ्या आपल्याच तोंडाची नागोरावांना किळस आली. त्यांनी मागे जाऊन पेटीचं झाकण उघडलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलेलं नाव बराच वेळ वाचत राहिले.