फुल्जांस बेकरीवाला आणि सम्राटाची डुलकी

आमच्या व्हिलार्सेत नेपोलियन लढला नाही, झोपला. अठराशे चौदाच्या फेब्रुवारीत प्रशियन आणि रशियन फौजा पॅरिसवर चालून येत होत्या, तेव्हा त्यानं आमच्या चर्चसमोर खुर्ची टाकून मस्त डुलकी काढली, उठला, आणि पुलापलीकडच्या प्रशियनांना दलदलीत ढकलून पुढे गेला, असं गाव मानतं. शाळेत पोरांना त्याचे तोफांचे डावपेच शिकवतात. आमचं म्हणणं वेगळं. शत्रू तिप्पट असताना जागं राहून कुणीही घाबरेल. झोपायला छाती लागते.

म्हणून दर फेब्रुवारीत एका रविवारी गावातला एकजण सम्राट होतो. करडा कोट, दोन टोकांची काळी टोपी, आणि चर्चसमोर खुर्ची. त्यानं खरंखुरं झोपायचं. निवृत्त मास्तरीण झेर्मेनबाई हंसाचं पीस त्याच्या नाकाखालून फिरवतात. नाक हललं की टोपी उतरली. ती शेजारच्या बाकावर बसलेल्या पुढच्या उमेदवाराच्या डोक्यावर जाते. नाक नाही हललं, तर नगारा वाजतो, सम्राट डोळे उघडून पुलाकडे हात करतो, आणि शेजारच्या बुझी गावचे लोक, जे प्रशियन झालेले असतात, ते दलदलीत पळतात. मग सगळे मिळून कोबीचं गरम सूप पितात.

ही टोपी वर्षानुवर्षं फुल्जांसकडे होती. फुल्जांस म्हणजे आमचा बेकरीवाला. कमरेच्या वर अगदी सम्राट, खाली फक्त तोकडे पाय. गाव झोपलं की याची भट्टी पेटायची, त्यामुळे रविवारची प्रार्थना सुटेपर्यंत त्याचे डोळे आपोआप मिटायला लागायचे. एवढंच त्याचं कर्तृत्व, पण तेवढ्यात भागत होतं. स्वतःच्या लग्नातही तो डुलत होता, असं बायका सांगतात. मी त्याच्या बायकोला, ओदीलला, एकदा विचारलंसुद्धा. ती म्हणाली, "हो म्हणताना जागे होते, एवढं नक्की. पुढचं मी छातीठोक सांगणार नाही."

लढायांचं ज्ञान मात्र दांडगं. गिऱ्हाईक आलं की गल्ल्यावर पाव मांडून सुरू. "हे बघ, शत्रू दोन बाजूंनी येतोय. दोघं एकत्र आले की आपण मेलो. मग सम्राट काय करतो? मधे घुसतो. आधी या पावाला गाठतो, तो उताणा पडला की मग त्याला."

"ते ठीक आहे," गिऱ्हाईक म्हणायचं, "पण उताणा पडलेला तो माझा आहे. बांधून दे."

पुढे पिठानं त्याला खोकला धरला. डॉक्टरांनी दम दिला, ओदीलनं त्याहून मोठा दिला, आणि भट्टी जावयाच्या, रेमीच्या हातात गेली. फुल्जांस चारचौघांसारखा रात्री झोपायला लागला. गाल गुलाबी झाले, चाल हलकी झाली. आणि तिथंच घात झाला. त्या फेब्रुवारीत तो खुर्चीत बसला तो डोळे नुसते मिटूनच. पीस आलं तेव्हा त्याची डावी नाकपुडी थरथरली. सगळ्या चौकानं पाहिली. झेर्मेनबाईंना पडसं झालं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, म्हणून टोपी वाचली.

बाकावर पोस्टमास्तर अलसीद बसला होता. हा गृहस्थ खिडकीमागे बसून इतका गाढ झोपतो की लोक आपापली पत्रं आत शिरून शोधून घेतात. वर्षभर त्यानं फुल्जांसला सुखानं कॉफी पिऊ दिली नाही.

"काय सम्राट, झोप कशी लागते हल्ली?"

"उत्तम. रात्रभर."

"तेच म्हणतोय मी. रात्री झोपतो तो साधा नागरिक. माझा कोट शिवून तयार आहे हो. फक्त कळवायचं."

फुल्जांस खंगला. ओदीलला वाटलं पोट बिघडलं, तिनं पेज सुरू केली. पण त्याच्या डोक्यात टोपीशिवाय काही नव्हतं. त्यानं सरावही केला. गोठ्यात खुर्ची टाकून बसला, पाद्र्याची जुनी प्रवचनं वाचली, भरपेट जेवून उन्हात पडला. छे. झोप फिरकली नाही. उपाय एकच होता: आदल्या रात्री भट्टीवर उभं राहायचं. पण त्या वाटेवर दोन फौजा होत्या, बायको आणि जावई. दोघांचं आपसात बोलणं झालं असतं तर खेळ खलास.

तेव्हा गड्यानं मधे घुसायचं ठरवलं.

आधी ओदील. "रेमी फार दमलाय गं. मानी पोरगा, तुझ्याकडे बोलायचा नाही. एक रात्र मी उभा राहतो."

"कोण, रेमी? परवा तर कॅफेत नाचत होता."

"दमलेला माणूस असाच नाचतो. पाय थांबवायलासुद्धा ताकद लागते."

ओदील विचारात पडली, तोवर हा भट्टीवर पोचलाही. "रेमी, तुझी सासू म्हणते, एक रात्र यांना घरातून न्या. माझ्या बडबडीनं तिचं डोकं उठलंय."

"मामा," रेमी म्हणाला, "हे मात्र लगेच पटलं."

झालं. फुल्जांसनं रात्रभर दोन गावांना पुरून उरेल इतका पाव भाजला आणि सकाळी भुवयांवर पीठ घेऊन थेट खुर्चीत येऊन बसला. बसला म्हणजे कोसळला. झेर्मेनबाईंनी पीस फिरवलं. काही नाही. अलसीद म्हणाला, "दुसरीकडून बघा." त्यांनी ते कानात फिरवलं. सम्राट असा घोरला की चर्चच्या कौलांवरची कबुतरं उडाली.

"झोप मान्य," बाई म्हणाल्या. "नगारा."

नगारा वाजला. मग तोफ. मग घंटा. फुल्जांस ढिम्म. रेमीनं खांदा हलवला तर डोकं दुसऱ्या खांद्यावर गेलं, बस.

पुलापलीकडे प्रशियन चिखलात घोटाभर उभे होते. त्यांचा सेनापती ओनेझिम, बुझीचा खाटीक, शेवटी स्वतःच पूल ओलांडून आला. "काय चाललंय? आम्ही पळायचं कधी?"

"सम्राट उठले की," झेर्मेनबाई म्हणाल्या.

"बाई, बूट भरले पाण्यानं."

"तसंच पळा मग," रेमी म्हणाला.

"वा रे वा. कुणी हल्ला केल्याशिवाय? आम्हाला काही अब्रू आहे की नाही?"

अलसीद ताडकन उठला. "टोपी मला द्या. मी हात करतो, संपवतो."

"बसा," बाई म्हणाल्या. "झोपलेला सम्राट हा सम्राटच असतो. नाक हललंय का? नाही."

ओनेझिमनं जरा वाट पाहिली. मग मागे वळून आपल्या माणसांना हाक मारली, "या रे, आत या. सूप गार होतंय." आणि प्रशियन फौज पूल ओलांडून चौकात शिरली. असं कधीच झालं नव्हतं, त्यामुळे गाव जिंकल्यावर करायचं काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. थोडा वेळ संकोचून उभे राहिले, मग कॅफे ताब्यात घेतला, बूट काढून शेगडीजवळ मांडले, आणि ढिगानं पडलेला पाव सुपात बुडवून खायला लागले. तो पाव रेमीच्या पावापेक्षा बरा आहे, असं ओनेझिम मोठ्यानं म्हणाला. रेमी अजून त्याच्याशी बोलत नाही.

कॅफेत अलसीदनं पुन्हा हरकत घेतली. सम्राटाचं अर्धं काम झोपणं, अर्धं उठणं. हा उठलाच नाही. झेर्मेनबाईंनी सूप संपवेपर्यंत विचार केला. म्हणाल्या, "रीत झोपेबद्दल आहे. उठण्याबद्दल कुणी काही ठरवलेलं नाही. आजवर गरज पडली नव्हती."

ऊन कलताना फुल्जांसनं एक डोळा उघडला. समोर प्रशियन गात होते. शेजारी ओदील घोंगडी घेऊन उभी होती, आणि तिचा चेहरा सांगत होता की रेमीशी तिचं बोलणं झालंय. त्यानं आधी हात डोक्यावर नेला. टोपी होती.

"लढाई?" त्यानं विचारलं.

"हरलात. सगळं गाव गेलं."

"पण नाक?"

"तुमचं नाक हललं नाही."

"मग ठीक," फुल्जांस म्हणाला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि कूस बदलली.