पाणी आल्याची खबर

"मोटर का लावली न्हाय? हितं बसून काय करत होतात?"

बायको फाटकातूनच ओरडत आली. दोन्ही हातांत बारशाच्या सामानाच्या पिशव्या, आणि आवाज असा की कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं भीतीनं गॅस बंद केला.

मी मोबाईल पुढे धरला. "अजून आलं नाही पाणी. आलं की हा सांगेल."

तिनं अंगणातला नळ सोडला. नळानं लांब उसासा टाकला. तेवढ्यात मोबाईल किणकिणला: तुमच्या गल्लीत पाणी आले आहे.

नातवाचं बारसं दुसऱ्या दिवशी. लेक बाळंतपणाला आमच्याकडे, नातेपुत्याहून व्याही दोन गाड्या भरून येणार, आणि गच्चीवरची टाकी इतकी कोरडी की तिच्यात हाक मारली तर ओ अक्कलकोटहून यावी. सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं. चार-पाच दिवसांनी येतं, तेही वेळ न सांगता, रुसलेल्या जावयासारखं. म्हणून तर मी, जन्मभर यंत्रांशी भांडून निवृत्त झालेला इंजिनियर, हे ॲप बनवलं होतं. पाणी आलं की गल्लीतल्या प्रत्येकानं बटण दाबायचं, त्यावरून कृत्रिम बुद्धिमत्ता पाण्याची चाल शिकणार आणि पुढच्या खेपेला आपणहून खबर देणार. धरणाला शिंक आली तरी याला कळेल, असं मी गल्लीला छातीठोक सांगितलं होतं. त्या दुपारी शेजारी मोटर घरघरत होती, नाही असं नाही. पण ॲप गप्प होतं, म्हणून मी तिला मिक्सर मानलं, आणि पाणी येऊन गेलंसुद्धा.

टँकरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, उद्या संध्याकाळी. तोवर व्याही हात न धुता जेवून परत गेले असते आणि पुढच्या सात पिढ्या ती गोष्ट माळशिरस तालुक्यात सांगितली गेली असती. मी अंगणात इतक्या येरझारा घातल्या की फरशी गुळगुळीत झाली. मधेच बसून ॲपचं गणित तपासायचो. गणित चोख होतं. त्यानंच जास्त घाबरलो.

शेवटी शेजारच्या वहिनींनी भिंतीवरून पाइप टाकला. त्यांच्याकडे पिंपं, घागरी, बादल्या, देवापुढचा गडूसुद्धा तुडुंब.

"वहिनी, बटण दाबलं नव्हतं का तुम्ही?"

"दाबलं की. पिंपं भरल्यावर. आदी सांगितलं तर सगळेच मोटरा लावत्यात. मग आमच्या नळाला काय, वारं यायचं?"

म्हणजे यंत्र चुकलं नव्हतं. गल्लीनं जे शिकवलं तेच शिकलं होतं: सगळ्यांचं भरून झालं, की पाणी आलं म्हणायचं. तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरलाय. जगभरात असली यंत्रं माणसांच्या बोलण्यावर पोसली जाताहेत. कर्ज कुणाला द्यावं, नोकरी कुणाला, तेही म्हणे आता तीच सांगणार. त्यांना शिकवणाऱ्यांनी आधी आपलं काय काय भरून घेतलं असेल? वर्तमानपत्र उघडलं तरी मला मोटरीचा आवाज येतो.

पाइपला धार लागली. बायको टाकीच्या झाकणापाशी उभी होती. बटण न चुकता दाबणाऱ्यांत गल्लीत तिचा नंबर पहिला, हे मी चारचौघांत अभिमानानं सांगत असे.

"तू कधी दाबायचीस गं?"

"तुमची अंघोळ झाल्यावर," ती म्हणाली.