नलूताईंची हातोडी

नलूताई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा चहाला हात लावण्याआधी त्यांनी टेबलावरचा पांढरा दगड उचलला आणि चक्क जिभेला लावला. बाईंचं काहीतरी बिनसलेलं आहे, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"ओला केला की छिद्रं दिसतात," त्या म्हणाल्या. "प्रवाळाचा आहे. कुठून आणलात?"

समुद्रातल्या तेलविहिरींमधून काढलेले दगड प्रयोगशाळेत तपासण्यात त्यांची सगळी हयात गेली होती. निवृत्त होऊन त्या सिल्वासात आमच्या शेजारी एकट्या राहायला आल्या होत्या.

दगड एका एजंटाने दिलेला. जवळच्या किलवणी गावातल्या एका शेतात बोअर मारताना निघाला, तेलाचा वास येतो, तेव्हा तुमचा अथालचा प्लॉट द्या आणि ते शेत घ्या, असं त्याचं म्हणणं. आमचे हे पार विरघळले होते. त्या प्लॉटवर आम्ही घर बांधणार होतो आणि त्याशिवाय आमच्याकडे काही नव्हतं.

नलूताईंचा कशावरच विश्वास नसे. गुळाची ढेप असो की कलिंगड, "आधी फोडून दाखव," हे ठरलेलं. बाजारात त्यांना बघून दुकानदारांचा चेहरा पडायचा.

एजंट सह्या घ्यायला आला त्या दिवशी त्या हातोडी घेऊनच हजर झाल्या.

"बेन, पत्थर असली आहे. सूंघून तर बघा," एजंट म्हणाला.

"बघितलं. वास वरून येतोय. आधी फोडून दाखव."

"नमुना आहे तो. फोडायचा कशाला?"

त्यांनी घाव घातला. आत कोरडा ठणठणीत, वासाचा पत्ता नाही.

"जुन्या प्रवाळात तेल असतं ते आतल्या छिद्रांत मुरलेलं. याला वरून डिझेल फासलंय. आणि इथे जमिनीखाली सगळा काळा दगड, त्यात प्रवाळ कुठला?"

एजंटाने कागद गोळा केले आणि तो निघून गेला. माझ्या मनात मात्र शंका घोळतच होती. बाईंना एवढी कळकळ कशाला? ते शेत त्यांनाच तर हवं नसेल ना?

"माझाही संशय येतोय ना तुला?" त्या हसल्या. "यायलाच हवा."

अथालच्या घराच्या वास्तुशांतीला नारळ त्यांनीच फोडला, खोबऱ्याचा वास घेतला आणि मगच वाटू दिला.

गेल्या उन्हाळ्यात नलूताई गेल्या. त्यांची भाची एक पुडी देऊन गेली. "मावशीने तुमच्यासाठी ठेवलं होतं. हा खरा आहे, एवढंच सांगायला सांगितलंय."

आत एक मळकट दगड होता. हुंगला, वास नव्हता. जिभेला लावला, छिद्रं दिसली. तरी माझी खात्री पटेना. ओट्यावर ठेवून हातोडी मारली, आणि तेलाचा उग्र वास नाकात शिरला.

मग मात्र मला रडू आवरेना.