मेन स्विचवरचं दुसरं कुलूप

ज्याला हसायचंय त्याने आधीच हसून घ्यावं. आमच्या घरात अंगारे-धुपारे आजोबांनीच बंद केले, आणि मी आयटीआय झालेली इलेक्ट्रिशियन. भुताची गोष्ट सांगायला मी आलेले नाही... झालं तेवढं सांगते.

सातपूरला सळया बनवणाऱ्या एका मिलमध्ये मी मेंटेनन्सला आहे. नियम सोडत नाही म्हणून सगळे मला 'चेकलिस्टताई' म्हणतात. म्हणू देत! आमच्याकडे मशीनवर काम करायचं तर प्रत्येकाने आपल्या नावाचं लाल कुलूप बंद केलेल्या मेन स्विचला लावायचं, चावी स्वतःच्या खिशात ठेवायची. एकही कुलूप लटकत असेल तोवर मशीन चालू करायचं नाही.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी अकराला मशीनचे रोल, म्हणजे सळई दाबून काढणारे लोखंडी रूळ, बदलून झाले. सगळ्यांनी कुलुपं काढली. मीही माझं काढून पट्ट्याला अडकवलं. सुपरवायझर देशमुखसाहेब स्विचकडे गेले आणि थबकले. एक कुलूप अजून होतं. त्यावर माझं नाव — माझ्याच अक्षरात.

"ताई, तुमचं राहिलं की!"

"माझं हे बघा, पट्ट्याला आहे."

"मग चावी लावून तर बघा. प्रॉडक्शनवाले बोंबलतायत."

"बोंबलू द्या. हे मी लावलेलं नाही. आत कोणी नाही हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय चावी लावणार नाही."

"मेमो देईन हं!"

"द्या." मी टॉर्च घेऊन निघाले.

तिसऱ्या रोलखालच्या खड्ड्यात काशिनाथभाऊ होते... कंत्राटदाराकडचे, दिंडोरीचे, साफसफाई करणारे. कानात बोळे, पाठ माझ्याकडे. कंत्राटदाराने त्यांना कुलूप दिलंच नव्हतं, आणि आत उतरल्याचं त्यांनीही कोणाला सांगितलं नव्हतं. हात धरून वर ओढलं आणि कानातले बोळे काढायला लावले.

"मला वाटलं, जेवणापर्यंत बंदच हाय," ते म्हणाले. "लय चुकलं, ताई."

मग मी चावी लावली. ते कुलूप उघडलं. त्याच चावीने माझंही उघडतं. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये माझ्या नावावर एकच कुलूप आहे, आणि तशी चावी दुसऱ्या कोणाकडे नाही. मी दहा वेळा विचार केला, काही कळत नाही.

साहेब म्हणतात, रिपोर्टमध्ये 'नजरचुकीने दोन लावली' असं लिहा, विषय मिटेल. नाही लिहिणार! तसं लिहिलं तर पुढच्या वेळी जास्तीचं कुलूप दिसलं की म्हणतील, असेल कोणाची तरी नजरचूक, टाका काढून. आणि आत कोणीतरी वाकून गाळ काढत असेल.

'कुलूप कोणी लावले' या रकान्यात मी 'माहीत नाही' लिहून सही केली. मेमो आला. त्यालाही तेच उत्तर दिलंय.