विमान बदललं होतं

ती मला एकदाच भेटली, सोनेगावच्या विमान प्रशिक्षण केंद्रात, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. नाव विचारायचं राहून गेलं. तिथल्या परीक्षकाचा राग मात्र मला अजून येतो.

सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरची एक बंद केबिन. आत बसून दोन सुयांवर नजर ठेवायची. एक डावं-उजवं दाखवते, दुसरी उंची. दोन्ही मधोमध राहिल्या तर दाट धुक्यातही विमान धावपट्टीवर नेमकं उतरतं. ती ओढणी कमरेला खोचून आत बसली आणि तिने लहान विमान सुरेख उतरवलं. परीक्षकाने बाहेर नंबराची वाट पाहणाऱ्या आम्हा मुलांना डोळा मारला, बाहेरचं बटण फिरवून गुपचूप मोठं, वेगवान विमान लावलं. दुसऱ्या खेपेला सुया भरकटल्या.

"बायकांचं हे असंच," तो हसून म्हणाला.

ती घाम पुसत बाहेर आली. "सर, विमान बदललं ते मले काहून नाही सांगितलं? खऱ्या पायलटले सांगत नाही का?"

"परीक्षा आहे ही."

"मंग तेच लावा. मी पुन्हा बसते."

या खेपेला तिने वेग आधीपासूनच सांभाळला. सुया शेवटपर्यंत मधोमध राहिल्या. परीक्षकाने तिला पास केलं, पण चुकलो म्हणाला नाही.

पुढचा नंबर माझा होता. मी आत बसलो, तसा तो प्रेमाने वाकून म्हणाला, "मोठं विमान लावलंय, बेटा. वेगाकडे लक्ष ठेव."

मी वळून पाहिलं. ती अजून दारातच उभी होती, आणि तिने ते ऐकलं होतं.