मशीन द्यायची अट

"मोदक उत्तम झालेत. पण साचा कुठून आणलात?"

जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या आमच्या गणपतीत हे गृहस्थ पहिल्यांदा भेटले, तेव्हा प्रसादाला त्यांनी दिलेली दाद ही अशी होती. कुठलीही वस्तू दाखवा, ते ती बनवणाऱ्या यंत्राची चौकशी करायचे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आमच्या वाट्याला आलेला नमुना जरा पोचलेला होता.

पुण्यातल्या कारखान्यातली नोकरी पन्नाशीत सोडून ते इथल्या विद्यापीठात पीएचडीला आले होते. अमेरिकेत सुरुवातीला मस्केट बंदुका बनवायला लागले, तेव्हा त्यांनी मशीनं मिळवली कशी, हा त्यांचा विषय. तो ऐकून माझ्या नवऱ्याने तोंड फिरवून हसू लपवलं होतं.

"अहो, मशीनचं दुकानच नव्हतं ना तेव्हा!" ते हात पसरून सांगायचे. मग ज्याच्या डोक्यात मशीन आहे असा माणूस शोधायचा, त्याला बंदुकांच्या कारखान्यातच जागा द्यायची आणि बनवून घ्यायचं. बंदुकीचा वाकडातिकडा लाकडी दस्ता कापणारं मशीन असंच आलं. त्यात एक चाक नमुन्यावरून फिरतं आणि शेजारी पातं लाकडाला तोच आकार देत जातं. हे ते इतकं रंगून सांगायचे, की पानातलं जेवण गार व्हायचं.

तसलं एक चालू मशीन त्यांना विद्यापीठाच्या हॉलमध्ये हवं होतं. बंदुकांनंतर त्याच जातीची मशीनं ज्यांवर बूट शिवतात ते लाकडी फर्मे कापायला लागली, आणि शेजारचं पिर्मासेन्स तर बुटांचंच गाव. तिथे एका म्हाताऱ्या बाईंच्या वडिलांचं बंद वर्कशॉप त्यांनी हुडकून काढलं. गाडी माझी, म्हणून मीही गेले. मशीन दिसताच हा माणूस दारातच बूट काढून मोज्यांवर आत गेला. ते पाहून बाई जरा हसल्या.

मशीनवर काय कापणार, असं बाईंनी विचारलं. गृहस्थांनी सरळ सांगितलं, बंदुकीचा दस्ता. बाईंचं हसू मावळलं. वडिलांचे दोघे भाऊ युद्धातून परत आले नव्हते. "माझ्या वडिलांनी यावर जन्मभर बुटांचे फर्मे कापले," त्या म्हणाल्या. "यावर बंदूक होणार नाही. शोभेचीही नाही."

गृहस्थांनी तिथल्या तिथे शब्द दिला, की दस्ता कापणार नाही. पण बाईंचा विश्वास बसेना. शरद ऋतूत जागा खाली करायची होती आणि तोवर निर्णय झाला नाही, तर मशीन भंगारात जाणार होतं. उन्हाळाभर हे गृहस्थ दर शनिवारी ट्रेनने जायचे, मशीनला तेल द्यायचे, बाईंबरोबर कॉफी प्यायचे आणि परत यायचे. मशीनचा विषय काढायचे नाहीत. मला त्यांची काळजी वाटायची आणि रागही यायचा. शेवटी भंगारवाला येऊन पाहून गेला, त्या आठवड्यात बाईंनी मशीन न्यायला सांगितलं.

हॉलमध्ये त्यावर तीन वर्षं फक्त फर्मेच कापले गेले. ते पुण्याला परत निघाले तेव्हा बाई निरोपाला आल्या आणि आपणहून म्हणाल्या, "बरं, तुमच्यासाठी एक दस्ता कापा. माझी हरकत नाही." गृहस्थांनी नकारार्थी मान हलवली. "नको. याला फर्मेच शोभतात."

विमानतळाच्या वाटेवर मी विचारलं, इतकी इच्छा होती तर कापला का नाहीत?

"अगं, तो त्यात बसतच नाही. मशीन आखूड आहे. पहिल्या दिवशीच निघताना टेप लावून पाहिली होती."

मी गाडी जवळजवळ थांबवलीच. मग हे बाईंना तेव्हाच सांगितलं असतंत, तर मशीन त्याच दिवशी मिळालं नसतं का?

"त्यांचा नकार मनापासूनचा होता. बंदूक यात मावत नाही म्हणून तो निकालात काढायचा? बरं दिसतं का ते?"

आता ते पुण्यात असतात. विद्यापीठाच्या ओपन डेला बाई मशीनशेजारी खुर्ची टाकून बसतात. आलेल्या मुलांना त्या सांगतात, की मशीनची ही जात बंदुकांसाठी जन्मली. एका भारतीय माणसाला यावर दस्ता कापता आला असता, पण त्याने शब्द दिला होता आणि तो पाळला. मी बाजूलाच उभी असते, टेपबद्दल काही बोलत नाही. दस्ता त्यात मावला असता, तरी त्यांनी तो कापला नसता. बाई सांगतात ते खरंच आहे.