वहिनीचं वाक्य

माझी वहिनी जळकी आहे. हे मी तिच्या तोंडावर सांगते, तेव्हा इथे सांगायला काहीच हरकत नाही. कुणाचं घर, कुणाचा पगार, कुणाची हुशार पोरं बघून तिच्या पोटात कधी दुखलेलं मी पाहिलं नाही. तिची सगळी जळजळ एकाच बाईवर, आणि ती बाई म्हणजे माझ्या दादाची रंगमंचावरची बायको.

आम्ही नणंद-भावजय एकाच लाँड्रीत कामाला. मी पुढे काउंटरवर असते. कपडे घ्यायचे, पावती फाडायची, तुटलेल्या बटणावरून गिऱ्हाइकांशी भांडायचं, हे माझं काम. वहिनी पडद्यामागे वाफेच्या इस्त्रीशी. आधी कॉलर, मग खांदा, मग बाह्या, अंग सगळ्यात शेवटी, असा शर्ट तिच्या हातून निघतो की घालणाऱ्याला खाली बसावंसं वाटू नये. ही वाटणी मालकाने पहिल्याच दिवशी केली, कारण वहिनी अडखळत बोलते. शब्दाचं पहिलं अक्षर ओठांशी येतं आणि तिथेच अडून बसतं. "गिऱ्हाईक घाईत असतं," मालक म्हणाला. माझी जीभ काय, कात्रीसारखी चालते. दोघींच्या वाट्याचं बोलणं मी एकटीनेच खाल्लं असं दादा म्हणतो.

दादा दिवसभर घरोघरी फिरून पाण्याचे मीटर बघतो आणि शनिवारी संध्याकाळी बाजारावरच्या सभागृहात लोकांना हसवतो. चार-पाच जणांचा त्यांचा संच आहे. त्यात त्याची बायको होते ती बुलबुल. हे नाव तिला संचातल्या मंडळींनी ठेवलं. बाई गोड आहे, हे मला कबूल करावं लागतं आणि वहिनीला करवत नाही.

त्यांचा सगळ्यात गाजलेला प्रवेश म्हणजे 'साहेब आले'. नवरा आजारपणाची थाप मारून घरी बसलाय. दारात त्याचा साहेब उगवतो. बायको धावत आत येते. 'साहेब आले' एवढंच तिला सांगायचंय, पण ती अडखळते. "सा... सा... सा..." नवरा हनुवटी तळहातावर टेकवून तिच्या तोंडाकडे बघत बसतो. मागे साहेब बूट काढतो, आत येतो, खुर्ची ओढून बसतो, नवऱ्याचाच चहा उचलून पितो, आणि हा आपला बायकोकडे बघतोय, जगात दुसरं कामच नसल्यासारखा. शेवटी ती म्हणते, "साहेब आले!" आणि साहेब कप ठेवून म्हणतो, "आणि निघालेसुद्धा." सभागृह डोक्यावर घेतात लोक.

"हशा अडखळण्यात नसतो," दादा मोठ्या शहाणपणाने सांगतो, "थांबण्यात असतो. मी जितका थांबेन तितके ते हसतात."

आता हाच माणूस घरी कसा, ते ऐका. वहिनीने तोंड उघडून पहिलं अक्षर काढलं की पुढचा शब्द हा लावून मोकळा. जेवताना ती म्हणाली, "मी... मी..." याने मिठाची वाटी पुढे सरकवली. तिला सांगायचं होतं, मी उद्या आईकडे जातेय. तिने निमूट मीठ घेतलं. आमच्याकडचं जेवण पुष्कळदा खारट असतं ते असं. एकदा डॉक्टरांनी विचारलं, कुठे दुखतंय? ती म्हणाली, "पो... पो..." दादा म्हणाला, "पोट." दुखत होती पोटरी. पोटाच्या गोळ्या घेऊन लंगडत घरी आली बिचारी. मी दादाला झाप झाप झापलं, तर म्हणाला, "अगं, तिला त्रास नको म्हणून सांगतो मी!"

आणि ही बुलबुल अडखळायला शिकली कुणाकडून? वहिनीकडूनच. आठवडाभर आमच्याकडे चहाला येत होती आणि वहिनीच्या ओठांकडे टक लावून बसत होती. अजूनही प्रयोग संपला की विंगेत येऊन विचारते, "ताई, आज माझं 'सा' बरं झालं का हो?" वहिनी मान हलवते. नंतर बुलबुलच्या कपड्यांना इस्त्री करताना डाव्या बाहीची घडी बोटभर सरकवते. हे फक्त मला कळतं.

एकदा मी तिला विचारलंच, "लोक हसतात त्याचं तुला वाईट वाटत असेल, तर कशाला येतेस दर शनिवारी?"

तिने इस्त्री उभी केली. "ह... हसण्याचं काही नाही गं. त... तो तिच्याकडे ब... बघत बसतो ना, ते मला स... सहन होत नाही. खो... खोट्या अडखळण्याला एवढा वेळ. ख... खऱ्याला काहीच नाही."

मी गप्प बसले. मी गप्प बसणं म्हणजे काय, हे मला ओळखणारांना विचारा.

मग एक दिवस आमच्या भागात टपाल वाटणारे गृहस्थ कोट घेऊन काउंटरवर आले. बोलता बोलता म्हणाले, "तो शनिवारचा हसवणारा तुमचा भाऊ ना? त्याला एक सांगाल? माझी मुलगी अडखळते. वर्गातली पोरं तिला 'साहेब आले' म्हणून हाक मारतात. ती वर्गात बोलेनाशी झालीय. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते." पडद्यामागे इस्त्रीची वाफ थांबली. ते पुढे म्हणाले, "मी सभागृहाच्या व्यवस्थापकांना कळवलंय. तुम्हाला अंधारात ठेवायचं नव्हतं."

सरळ माणूस. मला त्यांच्याशी भांडतासुद्धा येईना.

तशी मी काही सोवळी नाही. आंधळा मागतो एक डोळा, वासरात लंगडी गाय शहाणी, आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. आंधळे-लंगडे काढून टाकले तर आपल्या म्हणींच्या डब्यात उरेल काय? आणि या म्हणी मीच दिवसातून दहादा वापरते. पण हजेरीला हात वर करणारी ती पोर काही माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

व्यवस्थापकांनी दादाला बोलावून घेतलं. दादा तावातावाने म्हणाला, "माझी बायकोच अडखळते. तिला चालतं, मग बाकीच्यांचं काय जातं?"

व्यवस्थापक म्हणाले, "मग तिलाच उभी करा की. तिचं तिने केलं तर कोण काय बोलणार? नाहीतर हा प्रवेश बंद."

दादा घरी आला तो लॉटरी लागल्यासारखा. "तूच करायचं! बुलबुल काय, नक्कल. तू असली माल!" असली माल. जिभेला हाड नाही म्हणतात ते हेच. मी तोंडाचा पट्टा सोडणार तेवढ्यात वहिनीकडे पाहिलं. ती कधीच हो म्हणून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर असा रंग मी तिच्या लग्नातही पाहिला नव्हता. प्रवेश वाचावा म्हणून ती हो म्हणाली नव्हती. तिला बुलबुलची जागा हवी होती. तो हनुवटी टेकवून बघत बसेल, आणि समोर आपण असू.

"त्या मुलीचं काय?" मी नंतर विचारलं.

वहिनीने प्रयोगाचे दोन पास माझ्या हातात ठेवले. "त्यांना दे. पो... पोरीला घेऊन या म्हणावं."

टपालवाल्यांनी पास घेतले खरे, पण चेहरा कडू करून. "पुन्हा तेच दाखवायला नेऊ तिला?" म्हणाले.

दादाने सराव काही घेतला नाही. "खऱ्याला सराव कशाला?" म्हणाला. वहिनीने मात्र इस्त्रीच्या टेबलाशी माझ्यासमोर सराव केला, आणि मी चाटच पडले. पदर... छे, पदर कुठला, हातातला शर्टच कमरेला बांधून ती बुलबुलच्या तोऱ्यात आली आणि म्हणाली, "अहो, साहेब आले!" स्वच्छ. पाण्यासारखं. कुठेही खळ नाही.

"वहिनी! तू अडखळलीच नाहीस!"

"दु... दुसरी कुणी झाले की नाही अडत. ल... लहानपणापासून."

"मग मुद्दाम अडखळ."

तिने प्रयत्न केला. "सा, सा, सा." कोंबड्यांना दाणे टाकायला बोलावतात तसं वाटलं. आम्ही दोघी हसून हसून टेबलावर आडव्या झालो. मग मला घाम फुटला. मी दादाला म्हटलं, "एकदा तरी सराव घे रे बाबा." तो म्हणाला, "तू इस्त्रीचे हिशेब बघ, नाटकाचं मी बघतो." बरं. बघ म्हटलं.

शनिवारी सभागृह भरलेलं. व्यवस्थापकांनी आधी जाहीर केलं होतं, की आज खुद्द सौभाग्यवतीच काम करणार आहेत, तेव्हा कुणी मन दुखवून घेऊ नये. पहिल्या रांगेत टपालवाले बसले होते आणि शेजारी त्यांची मुलगी, दोन्ही हात मांडीखाली घालून. मी विंगेत. माझ्या बाजूला बुलबुल, नखं खात. तिला तशी बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पडदा उघडला. साहेब दारात उगवला. वहिनी धावत आत आली. दादाने हनुवटी तळहातावर टेकवली आणि तिच्याकडे पाहिलं. सगळं तिला हवं तसं होतं. आणि ती म्हणाली, "अहो, साहेब आले!"

एका दमात. साहेबाचा अजून एकच बूट निघाला होता.

सभागृहात चिडीचूप. कुणी खोकलं. दादा हनुवटी तशीच ठेवून दातांतून म्हणाला, "अगं, अडखळ ना!" माइक होता तिथेच. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं ते.

वहिनीच्या अंगातली बुलबुल तिथेच संपली. ती सरळ उभी राहिली, आमच्या घरी उभी राहते तशी, आणि बोलायला लागली. आता ती स्वतःचं बोलत होती, त्यामुळे अडलं. "का... का..."

दादाची जुनी खोड. तोंडातून निघालंच. "काय? कात्री?"

तिने मान हलवली. "का..."

"कागद? काका? कुणाचे काका?"

हसण्याचा पहिला आवाज पहिल्या रांगेतून आला. ती टपालवाल्यांची मुलगी होती. तिने हात मांडीखालून काढले होते आणि दादाकडे बोट दाखवून ती खदखदून हसत होती. असा शब्द लावणारा माणूस तिच्याही घरी, शाळेत, रस्त्यावर असणार. ती हसली तसे बाकीचे हसले. दादा कपाळ पुसत शब्द लावतोय, काजळ, कापूस, कावळा, आणि वहिनी नुसती मान हलवतेय. एवढा मोठा हशा त्याला आजवर मिळाला नव्हता, आणि हा सगळा त्याच्यावर होता. त्याला ते कळलं. त्याचे कान लाल झाले. मग शब्दही संपले. तो गप्प झाला. हळूहळू लोकही गप्प झाले.

वहिनी म्हणाली, "का... का थ... थांबत नाहीस तू? मा... माझ्यासाठी?"

मागे कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मधेच आवरलं. दारात साहेब हातात एक बूट धरून उभा. दादा खुर्चीवरून उठला. "मी..." म्हणाला, आणि अडला. हजार लोकांपुढे बिनधास्त बोलणारा माझा भाऊ. "मी... मी..."

वहिनीने त्याला शब्द दिला नाही. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. माझ्या जिभेवर दहा शब्द आले होते, मी ओठ दाबून धरले.

"लोक तुला हसतील म्हणून," दादा म्हणाला. आवाज नाटकातला नव्हता. "तू बोलायला लागलीस की सगळे तुझ्या तोंडाकडे बघतात. मला ते बघवत नाही. म्हणून मी पटकन बोलून टाकतो."

तेव्हा मला माझ्या भावाची कीव आली आणि रागही आला. लोकांनी हसू नये म्हणून घरात जिचं तोंड बंद करायचं, तिच्याच अडखळण्यावर बाहेर तिकिटं लावायची. हे त्याला इतकी वर्षं दिसलं नव्हतं, आणि आता दिसत होतं. त्याने मान खाली घातली.

वहिनी दोन पावलं पुढे गेली. तिने त्याची हनुवटी बोटाने वर केली.

"ह... ह..." ती म्हणाली. दादाच्या ओठांची हालचाल झाली, पण आवाज निघाला नाही. "ह... हसू देत त्यांना. तू थ... थ... थ..."

तो शब्द काय आहे, हे त्याला ठाऊक होतं. मला, बुलबुलला, पहिल्या रांगेतल्या पोरीला, अख्ख्या सभागृहाला ठाऊक होतं. कुणीच बोललं नाही. वहिनीने डोळे मिटले, पुन्हा उघडले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दादा तिच्याकडे बघत होता.

"थांब," वहिनी म्हणाली.